सायकलनं कामावर जायचं तर दिवाळीनंतर सुरू करा, आणि रस्त्याच्या साईडपट्ट्या भरा

प्रति,
मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

दरवर्षी ३ जूनला सगळ्या पेपरात सायकलचे फोटो येतात. जागतिक सायकल दिन, २०१८ साली संयुक्त राष्ट्रसंघानं ठरवलेला. पाहुणे हिरवी झेंडी दाखवतात, नवेकोरे टी-शर्ट, मागे बॅनर, खाली इंधन वाचवा तब्येत कमवा असं काहीतरी, आणि हे पाहून आमच्याकडच्या एखाद्या खेड्यातला पोट्टा खरंच गोठ्यातली सायकल काढतो, हवा मारतो आणि दुसऱ्या दिवशी शहरात कामाला निघतो. आता ३ जून म्हणजे विदर्भात काय दिवस असतात. २५ मेच्या आसपास सूर्य रोहिणीत शिरला की नवतपा लागतो, तो नऊ दिवस तापून २-३ जूनला संपतो, पाऊस अजून यायचाच असतो, संध्याकाळी सहालाही डांबरातून झळा निघून राहिलेल्या असतात. तो पोट्टा तीन-चार दिवसांत ऊन लागून खाटेवर पडतो आणि मग गावात पक्कं होऊन जाते की सायकलनं नोकरी होत नसते बाप्पा. तारीख सगळ्या जगासाठी ठरली, तिथे बसलेल्यांना नवतपा कुठून माहीत असणार, त्यांना काही बोलायचं नाही. पण आपल्याकडे सायकल सुरू करायचे दिवस दिवाळीनंतरचे आहेत, हे एक सांगायला पत्र लिहितो आहे, बाकी जे लिहिलं ते त्याच्याच पोटातलं.

मी वलगावच्या पुढच्या एका खेड्यात राहतो, अमरावतीत कापडाच्या ठोक दुकानात हिशोब लिहितो. एका बाजूनं १४ किलोमीटर. हिवाळ्यात सायकलनं जातो, उन्हाळ्यात एसटीनं नाहीतर कोणाच्या गाडीवर मागे बसून. मी काही सायकलपटू नाही. शंभर-दोनशे किलोमीटर मारणारे लोक अमरावतीत आहेत, सकाळी रस्त्यात दिसतात, हात करतात, चांगली माणसं आहेत, पण त्यांचा सल्ला आम्हाला पुरत नाही कारण ते फिरून घरी येतात, आंघोळ करतात आणि मग कारनं ऑफिसला जातात. आम्हाला सायकलवरून उतरून सरळ गल्ल्याजवळ बसायचं असते, तेही इस्त्रीच्या शर्टात, मग काय घालायचं, डबा कुठे ठेवायचा, घामाचं काय, शेठ काय म्हणतील, हे प्रश्न त्यांना पडतच नाहीत.

हिशोबाचं काम आहे म्हणून आधी पैशाचं सांगतो. जाणं-येणं २८ किलोमीटर, गाडीला ५० चं ॲव्हरेज धरलं तर अर्ध्या लिटरच्या थोडं वर पेट्रोल, भाव शंभरच्या पुढे, म्हणजे रोजचे साठेक रुपये, महिन्यात २५ दिवस काम धरलं तर पंधराशे, ऑइल सर्व्हिसिंग टायर वेगळं. दुकानावर बारा-चौदा हजारात काम करणाऱ्या माणसाचा दहावा हिस्सा नुसता रस्त्यात जळतो. एसटीचा महिन्याचा पास वाईट नाही, वीस दिवसांचं भाडं भरायचं आणि तीस दिवस फिरायचं, बायांना तर १७ मार्च २०२३ पासून अर्धंच तिकीट आहे, त्यांनी एसटीच धरावी असं मी घरीपण सांगतो. पण सकाळची गाडी मागूनच भरून येते, फाट्यावर थांबली तर थांबली, आणि लग्नसराईत दुकान रात्री साडेआठला सुटलं की मग स्टँडवर उभं राहून वाट पाहात बसा. दिवाळी ते होळी असे चार महिने जरी सायकल चालवली तरी सहा हजार राहतात हातात, साधी काळी सायकल साधारण तेवढ्यातच येते, म्हणजे पहिल्या हिवाळ्यात सायकल फिटते.

दिवाळीच्या आधीही का नको, असं कोणी विचारेल. ऑक्टोबरचं ऊन चटकते हे एक, आणि दुसरं म्हणजे त्या दिवसांत आमचे रस्ते रस्ते राहतच नाहीत, सोयाबीन निघालेलं असते, शेतकरी रस्त्याच्या अर्ध्या भागावर वाळत घालतो, दगड मांडून ठेवतो की गाडीनं तुडवू नये, त्याचंही बरोबर आहे, खळं करायला जागा कुठे राहिली, पण सायकलवाला मग मधोमध येतो आणि मागून ट्रक. सोयाबीनच्या दाण्यावरून चाक किती घसरते हे ज्यानं पाहिलं त्यालाच माहीत. दिवाळीपर्यंत माल उचलला जातो, नंतर सकाळी आठला हवेत गारवा असतो, दहा मिनिटं पायडल मारले की अंग गरम होते आणि दुकानात पोचेपर्यंत शर्ट ओला होत नाही. नवख्या माणसाला हेच पाहिजे. पहिल्या पंधरा दिवसांत त्रास झाला नाही तर तो टिकतो. मग महाशिवरात्रीपासून ऊन लागायला लागते, होळी झाली की सायकल परत गोठ्यात ठेवायची, त्यात काही कमीपणा नाही. बारा महिने चालवायचा हट्ट धरणारेच लवकर सोडतात असं मी पाहिलं आहे.

सुरुवात कामाच्या दिवशी करायची नाही. एखाद्या रविवारी दुकान बंद असताना घरून निघायचं आणि दुकानाच्या शटरपर्यंत जाऊन यायचं, घाई न करता, घड्याळ पाहून. सवय नसलेला माणूस तासाला बारा-तेरा किलोमीटरनं जातो, त्यामुळे १४ किलोमीटरला सव्वा तास लागतोच, वर पंधरा मिनिटं पंक्चरसाठी आणि घाम वाळवायला धरायची. पुढे महिनाभरात पाय मोकळे झाले की हेच अंतर पाऊण तास ते पन्नास मिनिटांवर येते. पहिल्या हप्त्यात एखाददोन दिवसच न्यायची, तेही लागोपाठ नाही, कारण बूड दुखते, खोटं कशाला सांगू, दुसऱ्या दिवशी सीटवर टेकवत नाही. ते आठ-दहा दिवसांत आपोआप जाते, त्यासाठी जाड गादीची सीट घ्यायची गरज नाही, उलट जाड सीट मांडीला घासते.

ज्याचं गाव वीस किलोमीटरच्या पलीकडे आहे त्यानं पूर्ण सायकलच्या नादी लागूच नये. त्यानं फाट्यापर्यंत सायकल न्यायची, ओळखीच्या टपरीजवळ साखळीनं बांधायची आणि पुढे एसटी. आमच्याकडे गावापासून फाटा तीन-चार किलोमीटर आत असणं साधी गोष्ट आहे, तेवढ्यासाठी घरोघरी गाड्या लागल्या आहेत, काळीपिवळीची वाट पाहण्यात अर्धा तास जातो. तीन किलोमीटर सायकलनं पंधरा मिनिटांत होते. हेही सायकलनं कामावर जाणंच आहे, याचा मात्र पेपरात फोटो येत नाही.

सायकल कोणती घ्यायची म्हणाल तर आधी घरात शोधा. आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकासच्या योजनेतून सायकली मिळतात, ज्या तालुक्यांत ही योजना आहे तिथे कितीतरी घरी पोरगी बारावी झाली की ती सायकल भिंतीला टेकून गंजत उभी असते. लेडीज सायकल आहे म्हणून पोट्टे लाजतात. काहून लाजायचं, दांडा नसला की पाय टाकायला सोपं जाते, डबा-पिशवी मागे असली की मागून पाय टाकताना अडकत नाही. मिस्त्रीकडे नेऊन ओव्हरऑइल करून घ्या, म्हणजे सगळं खोलून छर्रे धुऊन ग्रीस भरून, चाकाचा आउट काढून, ब्रेकचे रबर नवीन टाकून, आणि टायरला चिरा पडल्या असतील तर टायर-ट्यूब बदलून, नव्या सायकलच्या पाव किमतीत काम होऊन जाते. गिअरच्या सायकलचा मोह या रस्त्याला नको, वलगावहून अमरावतीकडे हलकासा चढ आहे तेवढाच, आणि गिअर बिघडला तर खेड्यातल्या मिस्त्रीकडे सामान नसते. जुन्या काळ्या सायकलचं सामान मात्र कुठेही मिळते. ॲटलासचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना बंद झाला तोही ३ जूनलाच, २०२० साली, बरोबर सायकल दिनाच्या दिवशी, योगायोग बघा, पण त्या कंपनीच्या सायकली अजून आमच्या गावात दूध वाहून राहिल्या आहेत.

सीटची उंची कोणी पाहतच नाही. बहुतेक लोक सीट इतकी खाली ठेवतात की गुडघे हँडलला लागतात, मग गुडघे दुखतात आणि दोष सायकलला. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल एकदम खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे चालवताना पंजा ठेवला की गुडघ्यात थोडा वाक राहतो, बस एवढंच. थांबल्यावर दोन्ही पाय पूर्ण टेकणार नाहीत, एकच टेकेल, त्याची भीती आठवडाभरात जाते. दुसरं हवा. टायरच्या बाजूला किती हवा भरायची ते छापलेलं असते, अंगठ्यानं दाबून बघायची सवय ठीक आहे पण मऊ टायरवर सायकल जड चालते आणि खड्ड्यात ट्यूब रिमला चेपून फाटते. साखळीला शिलाई मशीनचं तेल दोन-चार थेंब आठवड्यातून एकदा, गाडीतून काढलेलं काळं ऑइल टाकू नका, त्याला धूळ चिकटते आणि पँटची मोहरी खराब होते.

पंक्चर होणारच. हा भाग काट्यांचा आहे. पावसाळ्यानंतर सराटे पिकून रस्त्याच्या कडेला पसरलेले असतात, आणि कुंपणासाठी लोक बाभळीच्या फांद्या तोडून रस्त्यानं ओढत नेतात, तेव्हा मागे काटे सांडत जातात. ज्या दिवशी कोणाच्या वावराला नवीन कुंपण दिसलं त्या दिवशी समजून घ्या. जुनी ट्यूब उभी चिरून टायरच्या आत अस्तर म्हणून घातली तर सराट्याचं बरंचसं भागते, बाभळीचा लांब काटा मात्र त्यालाही ऐकत नाही. पिशवीत पाना, टायर काढायच्या दोन पट्ट्या, सोल्युशन, घासपेपर, चार ठिगळं, एक वॉलट्यूब आणि छोटा पंप, सगळं मिळून तीन-चारशेत येते. आणि पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोटं फिरवून काटा काढल्याशिवाय ट्यूब घालायची नाही, काटा आतच राहिला तर पुढच्या वळणावर परत तेच, तेव्हा मिस्त्रीला शिव्या देऊन उपयोग नाही.

आता रस्त्यावर चालवण्याचं. शहाणे लोक सांगतात एकदम कडेनं चालवा. कडेनं म्हणजे कुठून? डांबराच्या काठावर काच, गिट्टी, सराटे सगळं झाडून आणल्यासारखं जमा होते, आणि काठाच्या खाली वीतभर खोल. काठापासून दोन हात आत चालवा, सरळ रेषेत, मागच्या गाडीवाल्याला तुम्ही दिसले पाहिजे आणि तुम्ही पुढे काय करणार ते त्याला समजलं पाहिजे. खड्डा चुकवायला अचानक आत घुसायचं नाही, आधी मागे बघायचं. अन् एवढं करून कधी चाक काठाखाली उतरलंच तर चालता चालता तिरपं वर चढवायचा प्रयत्न करू नका, पुढचं चाक काठाला घासत जाते आणि माणूस डांबराकडेच पडतो, म्हणजे ट्रकच्या बाजूनं. थांबा, उतरा, सायकल उचलून वर घ्या. यात दहा सेकंद जातात.

वलगावला पेढी नदीचा पूल लागतो. १९५६ च्या २० डिसेंबरला गाडगेबाबांनी याच पुलाजवळ देह ठेवला. बाबा असते तर खराटा घेऊन आधी रस्त्याची ही कड झाडून काढली असती असं दरवेळी मनात येते. कोणत्याही पुलावर सरकायला जागा नसते, मागून मोठी गाडी येत असेल तर पुलाच्या आधीच थांबून तिला जाऊ द्यायचं. नवसारीपासून शहराची गर्दी लागते, तिथे उलट सोपं होते, सगळेच हळू चालतात, फक्त उभ्या गाड्यांचे दरवाजे आणि ऑटोवाले सांभाळा, ऑटोवाला पॅसेंजर दिसला की कुठेही थांबतो.

डिसेंबरात सहाच्या आतच अंधार पडतो, त्यामुळे जाताना नाही तरी येताना दिवा लागतोच. पुढे पांढरा, मागे लाल लुकलुकणारा, चार्जिंगचे दोन्ही मिळून चार-पाचशेत मिळतात, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून येणारे पाहिले आहेत मी, तसं करू नका. मडगार्डला आणि कॅरिअरला रेडियमच्या पट्ट्या चिकटवा, पायडललाही, पायडल वरखाली होते म्हणून लांबून ओळखू येते की सायकल आहे. हेल्मेट घाला, लोक हसले तर हसू द्या. त्या दिवसांत रस्त्यावर कापसाच्या फुगलेल्या गाड्या असतात, पोत्याची बाजू रस्त्यावर किती बाहेर आली हे ड्रायव्हरलाही दिसत नसते, त्यांना पूर्ण रस्ता द्यायचा. बिनलाईटची ट्रॅक्टर-ट्रॉली पुढे उभी असू शकते म्हणून अंधारात वेग कमी. संध्याकाळी रोही म्हणजे नीलगाय आणि रानडुक्कर आडवे जातात, एक रोही गेला म्हणजे मागे अजून असतात, लगेच निघू नका. कुत्रे मागे लागले तर पळवू नका, उतरा आणि सायकल मध्ये धरून चालत जा, उतरल्यावर बहुतेक कुत्र्यांचा इंटरेस्ट संपतो.

दुकानातलं म्हणाल तर मालकाशी आधी बोलून घ्या. पंधरा मिनिटं आधी येतो, मागच्या खोलीत तोंड धुऊन शर्ट बदलतो, सायकल गोडाऊनच्या जिन्याखाली ठेवतो, एवढं सांगितलं तर कोणी नाही म्हणत नाही, उलट वेळेवर येणारा माणूस त्यांना पाहिजेच असतो. चढवलेला शर्ट आणि बदलायचा शर्ट वेगळा, दोन शर्ट सोमवारीच दुकानात नेऊन टांगून ठेवले तर रोजची घडी मोडायचा त्रास नाही. पिशवी पाठीवर घेऊ नका, पाठच सगळ्यात जास्त ओली होते, कॅरिअरला बांधा. पँट ढगळ पाहिजे, जीन्सची शिवण बरोबर नको तिथे रुतते. डब्यात पातळ वरण, कढी असलं काही नको, झुणका-भाकर, कोरडी भाजी, चटणी, ठेचा. घरी हे समजावून सांगावं लागते, आमच्याकडे पातोडीचा रस्सा देण्याचा मोह अजून सुटलेला नाही आणि तो रस्सा एकदा रजिस्टरवर आला की काय होते ते लिहीत नाही.

लोक काय म्हणतात हा मुद्दा लहान नाही. पहिल्या दिवशी पारावरून विचारतात, "काहून बे, गाडी इकली काय?" दुसरा म्हणतो, "पेट्रोल परवडून नाही रायलं वाट्टे." शहरात कारवाला सायकल चालवतो तर फिटनेस आणि गावातला माणूस चालवतो तर गरिबी, हे गावातल्याच डोक्यात जास्त घट्ट बसलेलं आहे. लग्न जुळायच्या वयातल्या पोट्ट्यांना तर घरचेच नको म्हणतात, पाहुणे काय म्हणतील. मी उत्तर देत बसत नाही, हसून पुढे जातो, पंधरा दिवसांनी विचारणारा दुसऱ्या विषयावर गेलेला असतो. एक काकाजी मात्र रोज विचारायचे, मग त्यांनीच एक दिवस हळूच विचारलं की रोजचे किती वाचतात, आणि नातवासाठी जुनी सायकल शोध म्हणून सांगून ठेवलं. बायांचं वेगळं आहे. आमच्या भागातल्या बाया शहरात दवाखान्यात, घरकामाला, दुकानात जातात, सकाळी फाट्यापर्यंत सायकल त्यांना जमते, पण अंधारात सुन्या रस्त्यानं एकटीनं परत यायला कोणी सांगू नये आणि मीही सांगत नाही, दोघी-तिघींनी मिळून निघावं किंवा संध्याकाळी एसटीच बरी.

उन्हाळ्यातही कोणाला चालवावीच लागत असेल तर सकाळी सातच्या आत पोचायचं काम असेल तरच. परत येताना दुपार पूर्ण टाळायची, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेचा वारा आमच्या बाजूला येणाऱ्यांना तोंडावर लागतो, तोच रस्ता लांबतो. डोक्याला-कानाला सुती दुपट्टा पक्का बांधा, खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, आमच्या घरीही ठेवतात, पण पाणी सोबत पाहिजे, एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, चहाचा चमचा. डोकं दुखून चक्कर येऊन घाम यायचा बंद झाला तर पुढे जायचं नाही, सावलीत झोपायचं, अंग ओलं करायचं आणि कोणाला तरी फोन करून दवाखाना गाठायचा. पावसाळ्यात मोठ्या रस्त्यानं जमते, पांदण रस्त्यानं नाही, काळी माती मडगार्डात बसली की चाक फिरत नाही, मग माणूस सायकलवर नसतो, सायकल माणसाच्या खांद्यावर असते. विजा कडाडत असतील तर झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात शिरा, वावरातल्या झाडाखाली उभी राहिलेली माणसं दरवर्षी जातात.

हे सगळं माणूस आपलं आपण करू शकतो. एक गोष्ट मात्र आमच्या हातात नाही, साईडपट्टी. रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, रस्ता उंच होतो, बाजूची मुरमाची पट्टी जिथल्या तिथे राहते, वरून पावसाचं पाणी काठानं वाहून तीही खोदून नेते. दोन-तीन थर झाले की पायरी तयार. कारवाल्याला ती दिसत नाही, त्याला रस्ता गुळगुळीत लागतो, तो खुश असतो. सायकलवाला, बैलबंडीवाला, पायदळ शाळेत जाणारी पोरं यांना मात्र ट्रक आला की उतरायला जागा नसते. तक्रार द्यायला गेलं तर हा रस्ता आमच्याकडे येत नाही, त्या खात्याकडे जा, त्या खात्यात गेलं की साहेब साईटवर आहेत. २०२२ साली आपल्याच जिल्ह्यात अमरावती-अकोला हायवेवर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीजमध्ये रेकॉर्ड झाला, ३ जूनला सकाळी सुरू झालं नि ७ जूनला संध्याकाळी संपलं, सगळ्यांनी अभिमानानं वाचलं, मीही वाचलं. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा झाला, त्यावर सायकलला जायची परवानगी नाही, बरोबरच आहे, तिथे सायकलचं काय काम. पण जिथे सायकलचं काम आहे त्या गावाकडच्या रस्त्यांना कडेला दीड-दोन हात मुरूम टाकायला कोणत्या रेकॉर्डची गरज आहे?

दुसरं सावली. रस्ते रुंद झाले, काठचे कडूनिंब आणि चिंचा गेल्या. नवीन झाडं लावली म्हणतात, लावली आहेत, मधल्या दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल, त्याची सावली दुभाजकावरच पडते. काठाला कडूनिंब लावला तर आठ-दहा वर्षांत मार्चचा महिना तरी सायकलच्या हिशोबात येईल.

साईडपट्टीबद्दल संबंधितांना एक सुचवायचं आहे, मे महिन्यात बिलं काढायच्या घाईत मुरूम टाकू नका, पहिल्या दोन पावसात तो नालीत जातो. पाऊस गेल्यावर, सोयाबीन उचललं की लगेच टाका, पाणी मारा आणि त्यावर रोलर फिरवा, नुसते ढीग सोडून जाऊ नका, कारण ते ढीग अंधारात खड्ड्याहून वाईट असतात. दिवाळीच्या आत एवढं झालं तर यंदा आमच्या गावातून सायकलनं निघणारे तीन-चार जण तयार आहेत. पत्र लांबलं आहे हे मला समजते, जागेअभावी काटछाट करायची असेल तर पंक्चरचा आणि डब्याचा भाग काटा, हा शेवटचा भाग तेवढा पूर्ण छापा.

आपला,
एक नियमित वाचक
वलगाव परिसर, जि. अमरावती